पक्क्या प्रतीतल्या चार ओळी

सांगली, ११ जुलै १९७८

आमदार नानासो यांस,

तुमचं पत्र पोचलं. पूर्वी तुमची पत्रं सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर यायची, आता नाव छापलेल्या कागदावर येतात. अक्षर मात्र तेच, डावीकडं कललेलं, त्यामुळं वाचायला अडचण आली नाही.

२० ऑगस्टला यांच्या पहिल्या स्मृतिदिनाची सभा माधवनगरच्या युनियन हॉलमध्ये घ्यायची, तुम्ही अध्यक्ष, यांच्या फोटोचं अनावरण तुमच्या हस्ते, आणि स्मरणिकेसाठी मी 'सहजीवनाच्या आठवणी' अशी दोन पानं लिहून द्यायची, असं तुम्ही ठरवलंत. सोबत तुमचा स्वतःचा लेखही पाठवलात. त्यात हे चंदन आहेत. झिजलेलं चंदन, दरवळणारं चंदन, उगाळलं तरी न संपणारं चंदन. पाटलांच्या आदगोंडाला कुणी कधी चंदन म्हटलं असतं तर ते खोकला येईपर्यंत हसले असते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

पण स्मरणिका पक्षाच्या त्याच 'लोकनांगर' पेपरच्या कचेरीतून निघते आहे, म्हणून पानं लिहिण्याआधी एक काम बाकी आहे.

ऑक्टोबर चौऱ्याहत्तरच्या अंकात यांनी एक लेख लिहिला होता. म्हणणं साधं होतं. शेतमजुराला जो दर द्यावा असं पक्ष सांगतो, तो आधी पक्षाच्या माणसांनी आपापल्या उसाच्या रानात द्यावा, मग कारखान्याच्या दारात घोषणा द्याव्यात. लेखात एकाही माणसाचं नाव नव्हतं. पक्की प्रत माझ्याच हातची होती, म्हणून खात्रीनं सांगते.

तुमचं उत्तर दोन अंकांत आलं. पहिल्यात 'आमचे विद्वान, त्यागी, ज्येष्ठ मित्र' होते. मी भाबडेपणानं म्हटलं, "बघा, नानासोंनी किती मान दिलाय." हे म्हणाले, "बकऱ्याला आधी हळदकुंकूच लावतात गं." दुसऱ्या अंकात पाचगणीच्या मडमांकडं शिकलेली बायको आली, घरात काट्या-चमच्यांनी जेवणं आली. आमच्या घरात काटा एकच आहे, लोणच्याच्या बरणीतला, आणि त्यानं फोडी काढून तुम्हीच सर्वांत जास्त खाल्ल्यात. आणि मग शेवटी ते वाक्य: 'ज्यांनी एकोणपन्नास साली सरकारपुढं नाक घासून माफी लिहून दिली, त्यांनी आम्हाला मजुरांची तत्त्वं शिकवू नयेत.'

त्यानंतर मजुरीच्या दराबद्दल एक ओळही कुणी लिहिली नाही. सगळे माफीवरच बोलत राहिले. जानेवारीत यांना पक्षातून काढलं.

नानासो, तुम्ही साल लिहिलंत आणि कारण गाळलंत. हे सहा महिने चळवळीत पडणार नाही असं हमीपत्र देऊन सुटले त्याच्या तिसऱ्या दिवशी आमची मुलगी जन्मली आणि दिवस मावळायच्या आत गेली. हरिपूरला नदीकाठी तिला पुरायला दोनच माणसं गेली होती. एक हे. दुसरे तुम्ही, भूमिगत असताना, धनगराचं घोंगडं पांघरून. खड्डा तुम्ही खणलात, कारण यांचे हात चालत नव्हते. हे मला यांनी नाही, तुम्हीच सांगितलंत, माझ्या उशाशी बसून.

मला चंदन नको. सभेत उभं राहून एवढंच सांगा, की ते हमीपत्र कशासाठी होतं हे मला माहीत होतं आणि तरी ते वाक्य मी लिहिलं. मग मी दोन काय, दहा पानं देते.

गुणमाला आदगोंडा पाटील


सांगली, २६ जुलै १९७८

नानासो,

'वहिनी, मेलेल्या माणसाच्या जखमा उकरू नका' असं तुम्ही लिहिलंत. मेलेल्याला जखमा नसतात. जखम मला आहे, आणि मी जिवंत आहे.

पुढं लिहिलंत, 'मी खोटं काय लिहिलं? आदगोंडाच्या आत्मटीकेत ते होतंच.' होतं. नाकारत नाही. पण ती आत्मटीका होती, पेपरची बातमी नव्हती.

चौऱ्याहत्तर साली मे महिन्यात वाईच्या धर्मशाळेत तुमचं शिबिर झालं. प्रत्येकानं आपल्या चुका कागदावर लिहायच्या, दार लावून सात जणांत वाचायच्या, आणि ज्याचा कागद त्यानं वाचायचा नाही, शेजारच्यानं वाचायचा. वाचून झालं की कागद चुलीत. खोलीतलं खोलीत राहील अशी शपथ होती. यांचं अक्षर यांनाही लागायचं नाही आणि तुम्हाला लिहायचा कंटाळा, म्हणून दोघांच्याही पक्क्या प्रती मीच केल्या. तुम्ही खांबाला टेकून सांगत होता आणि मी लिहीत होते, आठवतं?

मला ते सगळं फार आवडलं होतं. हसू नका. पाचगणीला आमच्या शाळेच्या चॅपलमध्ये एक लाकडी खोकं होतं. दर शनिवारी ख्रिस्ती मुली एकेक करून आत जायच्या, जाळीपलीकडच्या फादरना काहीतरी पुटपुटायच्या, आणि बाहेर आल्या की पायऱ्या दोन-दोन करून उतरायच्या. मी जैनाची पोर, मला आत जायची मुभा नव्हती. बाहेर बाकावर सगळ्यांच्या टोप्या सांभाळत बसायची. एकदा सिस्टर बेनेडिक्टांना विचारलं, आतलं बाहेर कळत नाही का? त्या म्हणाल्या, जाळीपलीकडचं जाळीपलीकडंच राहतं, पण एक आहे, अर्धं सांगून चालत नाही. एक जरी पाप मागं ठेवलं तरी बाकीचं सगळं सांगणं फुकट.

पस्तीस-चाळीस वर्षांनी मला वाटलं, तुमचा पक्ष म्हणजे तसलंच काहीतरी आहे. फक्त फादरच्या जागी सात कॉम्रेड. जाळी नव्हती, एवढं माझ्या लक्षात आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, काहीही लिहिताना मी खाली कार्बन लावते. मूळ कागद चुलीत गेले, कार्बनच्या प्रती माझ्या पिशवीत राहिल्या. यांची मी घरी आल्यावर जाळली. का, ते आज लिहीत नाही. तुमची आहे.

त्यात काय आहे ते तुम्हाला आठवत असेल, तरी एक ओळ उतरवते: 'पक्षाचा दर मी स्वतः सभेत मांडला, पण माझ्या मळ्यातल्या बायकांना मी तो देत नाही, कारण भाऊबंद हसतील अशी मला लाज वाटते.' माणसासारखं वाक्य आहे. लिहिताना मला तुमच्याबद्दल माया वाटली होती.

म्हणजे यांच्या लेखाला उत्तर तुमच्याकडं नव्हतंच. उत्तर तुम्ही आधीच देऊन बसला होता. म्हणून मुद्दा सोडून माणूस धरलात. हे त्या खोलीत होते, त्यांनी तुमचं वाक्य कानांनी ऐकलं होतं. लेखात ते घातलं असतं तर तुम्ही आज आमदार नसता. मी म्हटलंसुद्धा, "घाला की." म्हणाले, "खोलीत ऐकलेलं आहे ते."

२० तारखेला तुम्ही बोलला नाहीत, तर मी तुमचा कागद वाचेन.

गुणमाला


सांगली, ९ ऑगस्ट १९७८

नानासो,

तुम्ही उत्तर लिहिलं नाहीत, केरबाला जीप घेऊन पाठवलंत. त्यानं तुम्हाला काय सांगितलं असेल कोण जाणे, म्हणून जे झालं ते कळवते.

बुधवार होता. बुधवारी रंगूबाई येते. ओळख द्यायची गरज नाही, तुमच्याच मळ्यात आठ वर्षं खुरपायला होती. आता माधवनगरला लेकीकडं असते. आम्ही शेंगा फोडत बसलो होतो. केरबा दारात चपला काढून उभा राहिला.

"वैनी, आमदारांनी नमस्कार सांगितलाय. त्यो जुना कागद तेवढा द्या म्हणत्यात."

"कुठला कागद?"

"मला न्हाई ठावं. वैनींना ठावं हाय म्हणाले. आन् फोटूची फ्रेम सागवानी करायची का शिसवी, त्ये बी इचारून ये म्हणाले."

मी काही बोलायच्या आत रंगूबाई म्हणाली, "कसलीबी कर रं. जित्तेपणी पायरीवर हुभं केलं न्हाईसा, आता भितीला टांगताय व्हय?"

"मावशे, तू गप. मोठ्या लोकांचं राजकारण हाय ह्ये."

"हाय की. खुरपं आमचं आन् राजकारण मोठ्यांचं. शेंगा खा चार, जीपवाल्या."

केरबा हसला, बसला, शेंगा खाल्ल्या. पोरगं वाईट नाही. त्याला मी सांगितलं, कागद मिळणार नाही, फ्रेम कशीही करा. उठताना त्याची नजर दाराशेजारच्या खुंटीवर गेली. तिथं यांची खाकी पिशवी अजून आहे.

त्या पिशवीबद्दल तुम्हाला माहीत नसेल. आणीबाणी आली तेव्हा हे पक्षात नव्हते, तरी त्यांनी पिशवी भरली. घोंगडी, दोन सदरे, दाढीचं सामान, शब्दकोश. पोलीस येतील तेव्हा वेळ नको जायला, म्हणत. तुम्हाला पहिल्याच आठवड्यात नेलं. इथं पावणेदोन वर्षं कुणी आलं नाही. रस्त्यात फौजदार भेटला तर नमस्कार करून पुढं जायचा. चौकात एकजण मोठ्यानं म्हणाला, "माफीवाल्याला कशाला धरतील? एकदा लिहून दिलंय की त्यानं." तुम्ही सुटून आलात, हारतुरे झाले, हे घरात बसून पेपरातला तुमचा फोटो बघत होते. म्हणाले, "नानासो वाळला गं." तुमचा राग नव्हता त्यांना. मला आहे.

केरबा पायरी उतरता उतरता थांबला आणि अगदी मायेनं म्हणाला, "वैनी, आण्णा लय चांगला माणूस व्हता. पर त्ये लिवून द्यायला नगं व्हतं."

चौऱ्याहत्तर साली हे पोर दहावीत असेल. त्याला यांचा लेख माहीत नाही, मजुरीचा दर माहीत नाही. 'पर' तेवढं माहीत आहे. तुमचं सगळं चंदन मिळून त्या एका 'पर'ला पुरं पडणार नाही. म्हणून मी अडून बसले आहे.

गुणमाला


सांगली, २१ ऑगस्ट १९७८

भाऊजी,

आज पुन्हा भाऊजी लिहिते आहे. माया परत आली म्हणून नाही. काल जे बोलले ते आमदाराला सांगण्यासारखं नव्हतं.

हॉल भरला होता. फोटो छान आलाय, फ्रेम शिसवी. तुम्ही पाऊण तास बोललात. शेवटापर्यंत मी वाट पाहिली. एकोणपन्नास सालाजवळ तुम्ही आलात, माझ्याकडं बघितलंत, आणि म्हणालात, "त्या काळातल्या काही गोष्टींवर आज पडदा टाकू." टाळ्या पडल्या. पडद्यामागं काहीतरी होतंच, हे त्या टाळ्यांनी पक्कं झालं.

मग मी उठले. पर्समध्ये तुमचा कागद होता. हात घातला, घडी हाताला लागली. समोरच्या रांगेत रंगूबाई आणि तिच्याबरोबर आलेल्या चार बाया बसल्या होत्या. तुमचं वाक्य त्यांच्याबद्दलच होतं, त्यांना ऐकायचा हक्क होता. आणि वर फोटोत हे. खोलीत ऐकलेलं आहे ते.

कागद काढला नाही. दुसरंच बोलले. तिथं गडबडीत बोलले, इथं नीट लिहिते.

यांच्या आत्मटीकेतल्या हमीपत्राच्या त्या चार ओळी यांनी लिहिल्या नव्हत्या. मी लिहिल्या.

यांच्या कच्च्या कागदावर बाकी सगळं होतं, चिडकेपणा, हेकटपणा, सभेला उशिरा जाणं. हमीपत्र नव्हतं. पक्की प्रत करताना मला सिस्टर बेनेडिक्टा आठवल्या. एक मागं राहिलं तर सगळं फुकट. मला वाटलं, हे सांगतील आणि पायऱ्या दोन-दोन उतरतील. म्हणून शेवटी मी माझ्या मनानं चार ओळी घातल्या: १९४९ साली सहा महिन्यांचं हमीपत्र लिहून देऊन मी सुटलो, आणि ही गोष्ट पक्षापासून लपवली. यांनी न वाचता सही केली. माझ्या हातचं कधीच वाचत नसत.

कारण मीही लिहिलं नाही, भाऊजी. तुम्ही गाळलंत असं म्हणते, पण आधी गाळलं मी. कारण लिहायचं तर तुरुंगात पाठवलेली माझी चिठ्ठी लिहावी लागली असती. 'मी मरेन, काहीही लिहून द्या पण या,' अशी. हे आपल्या पायांनी शरण गेले नव्हते. मी ओढून आणलं होतं. पंचवीस वर्षं ते माझ्या छातीवर होतं, आणि ते मी त्यांच्या सहीनं उतरवलं.

वाईला त्यांचा कागद वाचणारे शेजारी तुम्हीच होता. शेवटच्या चार ओळी तुम्ही वाचल्यात तेव्हाच त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या. मी दाराबाहेर चहाची किटली घेऊन उभी होते. मग तुमचा आवाज आला, "आदगोंडा, हे तुझंच हाय का?" आणि यांचा, "माझंच. पुढं वाच."

परत येताना एसटी कराडला थांबली. तिथं उसाचा रस घेतला, तेव्हा म्हणाले, "अक्षर छान आलं होतं तुझं." त्यानंतर तीन वर्षं जगले, एकदाही विषय काढला नाही. त्या वाक्याच्या टोचणीनं मी घरी आल्याबरोबर कार्बनची प्रत चुलीत घातली. पण तुमच्या डोक्यातली प्रत कशी जळणार?

हे सगळं मी काल सांगितलं. रडत रडतच सांगितलं. मला वाटलं, आता तुम्ही उठाल. आता तरी म्हणाल, 'मी तिथं होतो. खड्डा मी खणला.' मी तुमचं काम सोपं केलं होतं. अर्ध्याहून जास्त दोष माझ्या अंगावर घेतला होता.

आणि तुम्ही उठलातही. माइक हातात घेतलात. डोळे पुसलेत. म्हणालात, "मित्रहो, क्रांतिकारकाची सहचारिणी कशी असावी, ते आज बघून घ्या! नवऱ्याचा डाग स्वतःच्या पदराला लावून घेणारी ही माउली!"

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता.

म्हणजे मी यांच्यासाठी खोटं बोलले, असं सगळे समजून घरी गेले. डाग जागच्या जागी राहिला, उलट थोडा चमकला. शिवी परतवता येते, भाऊजी. कौतुक कसं परतवायचं ते ना कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं, ना पक्षात.

रिक्षात बसताना रंगूबाईनं विचारलं, "बाई, टाळ्या कशापाय वाजवल्या ओ त्यांनी? तुमी तर रडत व्हता."

गुणमाला


सांगली, सप्टेंबर १९७८, क्षमावाणीचा दिवस

भाऊजी,

'लोकनांगर'चा अंक मिळाला. पहिल्या पानावर मी आहे. 'थोर पतीची थोर पत्नी.' मजुरीच्या दराबद्दल आतल्या पानावरही काही नाही. त्याच पानात गुंडाळून तुमचा कागद परत पाठवते आहे. रजिस्टर्ड करते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही. मी त्याची दुसरी प्रत केलेली नाही. हा मोठेपणा म्हणून कुठं छापू नका. यांनी तो वापरला नाही, म्हणून मला वापरता येत नाही, इतकंच. वापरावासा मात्र रोज वाटला.

रंगूबाईला तेवढं सांगितलं, की तुझ्या दराबद्दल नानासोंना लाज वाटत होती. कागदाचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "लाज वाटत व्हती व्हय? मग द्यायचा की." तुमच्या सगळ्या वादाचा निकाल तिनं शेंग सोलता सोलता लावला.

आज आमच्याकडं क्षमेचा दिवस. पर्युषण संपलं की सगळ्यांना पत्रं टाकायची, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा म्हणायचं, आणि आपणही माफ केलं म्हणायचं. बत्तीस कार्डं लिहिली. यांना एक लिहायला घेतलं आणि पत्त्याशी थांबले. आता तुमचं.

त्या चार ओळी तुमच्या हातात मी दिल्या. त्या नसत्या तर तुम्हाला ते वाक्य सुचलं नसतं, आणि हरिपूरच्या खड्ड्याजवळ तुम्ही होता तसेच माझ्या मनात राहिला असता. त्याबद्दल मला क्षमा करा. हे मनापासून मागते.

मी मात्र करत नाही. मागणं आणि देणं आमच्यात एकाच श्वासात होतं, हे मला माहीत आहे. अर्धी क्षमा चालत नाही म्हणतात. अर्धी कबुलीही चालत नाही असं मी एकदा मानलं होतं, त्याचं काय झालं ते तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवलंत.

फोटो काल केरबाकडून उतरवून घेतला आणि घरी आणला. दाराशेजारी लावलाय, पिशवीच्या खुंटीवर. पिशवी रिकामी केली.

गुणमाला